साउइनची रात्र आणि दफनभूमीतील मेणबत्ती

नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृत भाविकांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. गेल्या वर्षी या महिन्याच्या तोंडावर एक वयोवृद्ध भगिनी धर्मग्रामाच्या कार्यालयात आमच्याकडे आल्या. त्यांच्या नातवाने मोबाईलवर वाचले होते की, दोन नोव्हेंबरचा मृतांचा दिवस हा मुळात युरोपातील जुन्या पेगन लोकांचा सण असून ख्रिस्तसभेने तो उचलून आपलासा केला. सबब थडग्यावर मेणबत्ती लावणे ही पेगनांचीच रीत होय. "फादर, एकतीस वर्षं मी ह्यांच्या थडग्यावर मेणबत्ती लावते. ते पाप होतं का?" आजींनी विचारले. आम्ही 'नाही' म्हणालो. परंतु नातवाच्या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर पुरत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम 'पेगन' या शब्दाविषयी. लॅटिनमधील 'पगानुस' म्हणजे खेड्यातला माणूस. शहरे ख्रिस्ती झाली तरी खेडी दीर्घकाळ जुन्या देवांना धरून राहिली, म्हणून हा अर्थ त्या शब्दाला चिकटला, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. मूळ अर्थाने आमचे निम्मे वाचक पेगनच ठरतील!

ज्या सणाची चर्चा होते, तो आयर्लंडचा 'साउइन'. आयरिश भाषेत आजही नोव्हेंबर महिन्याला हेच नाव आहे. जुन्या आयरिश ग्रंथकारांनी या शब्दाची फोड 'उन्हाळ्याचा शेवट' अशी केली. त्या देशात वर्षाचे दोनच मोठे भाग मानले जात. एक मे रोजी गुरे डोंगरावरील कुरणांत चरावयास जात आणि ऑक्टोबर संपताना खाली आणली जात. हिवाळ्यात चारा पुरणार नाही इतकी जनावरे असत, त्यांतील जादा कापली जात. साहजिकच मांस भरपूर, मेजवान्या भरपूर आणि पुढे लांबलचक काळोख. अशा वेळी माणसाला मरणाची आठवण झाली नसती तरच नवल.

या सणाविषयी आपणांस जे ठाऊक आहे, ते बहुतेक सर्व ख्रिस्ती मठांतील लेखनिकांमुळे. क्लॉनमॅक्नॉइस येथील मठाशी निगडित असलेल्या 'तपकिरी गाईचे पुस्तक' या हस्तलिखितातील एका कथेत साउइनच्या आधीचे तीन दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस उत्सव चाले, असे वर्णन आहे. त्या हस्तलिखिताच्या लेखनिकांपैकी एक, मेल मुरे, नऊशे वर्षांहून अधिक काळापूर्वी, म्हणजे ११०६ साली, त्याच मठावर चालून आलेल्या लुटारूंच्या हातून मारला गेला. जुन्या देवांच्या कथा जपून ठेवणारा हा माणूस ख्रिस्ती होता, ही गोष्ट नातवाच्या पिढीला कोणी सांगत नाही.

या कथांपैकी नेरा नावाच्या वीराची कथा विलक्षण आहे. साउइनच्या रात्री क्रुआखनचा राजा पैज लावतो की, बाहेर फासावर लटकणाऱ्या कैद्याच्या पायात जो कोणी काटकीचा वेढा घालून येईल, त्याला बक्षीस मिळेल. नेरा जातो. प्रेत बोलू लागते, "मला फाशी दिली तेव्हा मी तहानलेला होतो, पाणी पाज." नेरा त्याला पाठुंगळी घेऊन घरोघर हिंडतो. पुढे तो क्रुआखनच्या गुहेतून अदृश्य लोकांच्या नगरीत शिरतो आणि परतताना पुरावा म्हणून उन्हाळ्यातील फुले आणतो, कारण त्या नगरीत ऋतू वेगळा असतो. त्या रात्री दोन जगांमधील दार उघडे राहते, ही कल्पना येथे स्पष्ट दिसते. परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या दारातून ये-जा करणारे मुख्यतः 'शी' म्हणजे टेकड्यांखाली राहणारे अदृश्य लोक आहेत. घरच्या मृतांसाठी नैवेद्य, नावे घेऊन प्रार्थना, थडग्यांवर दिवे यांचे वर्णन या जुन्या कथांत जवळजवळ सापडतच नाही.

मग साउइन 'मृतांचा सण' केव्हा झाला? वेल्सचे विद्वान जॉन ऱ्हीस यांनी १८८६ च्या व्याख्यानांत साउइन हे केल्टिक लोकांचे नववर्ष असल्याचे मांडले. त्यानंतर जेम्स फ्रेझर यांनी तो मृतांचा सण होता, हे मत सर्वदूर पोहोचवले. इंग्लिश इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९६ सालच्या ग्रंथात दाखवून दिले की, फ्रेझर यांनी पुराव्यासाठी घेतलेल्या चालीरीती मुख्यतः ख्रिस्ती काळातल्या होत्या. आयरिश खेड्यांत दोन नोव्हेंबरच्या रात्री चूल पेटती ठेवून, दार उघडे टाकून, घरच्या मृतांसाठी चुलीजवळ खुर्च्या मांडत, ही रीत कॅथलिक कुटुंबांची. इंग्लंडमध्ये गोरगरीब दारोदारी जाऊन 'आत्म्यांची भाकर' मागत व बदल्यात त्या घरातील मृतांसाठी प्रार्थना करीत. विसाव्या शतकात जेराल्ड गार्डनर यांच्यापासून सुरू झालेल्या नव-पेगन चळवळीचे लोक आज साउइनच्या रात्री मृतांची छायाचित्रे मांडतात, मेणबत्त्या लावतात, त्यांच्यासाठी ताट वाढतात. त्यांच्या श्रद्धेची थट्टा करण्याचे आम्हांस कारण नाही. पण उसनवारीचा हिशेब मांडायचाच, तर तो एकतर्फी नाही.

आता आपल्या सणांकडे वळू. पोप चौथे बोनिफास यांनी रोममधील पँथिऑन हे देवालय पवित्र मरिया व सर्व हुतात्मे यांना समर्पित केले, ते इ.स. ६०९ च्या सुमारास, १३ मे रोजी. १३ मे हा रोमन लोकांच्या 'लेमुरिया'चाही दिवस. त्या रात्री घरधनी अनवाणी चालत, भुतांना पळवण्यासाठी काळे दाणे मागे टाकीत असे. येथे संबंध असू शकेल. पण एक नोव्हेंबर? आयर्लंडमधील तल्ला मठात इ.स. ८०० च्या आगेमागे तयार झालेल्या संतसूचीत सर्व संतांचा सण २० एप्रिलला आहे! साउइनवर कुरघोडी करण्याचा डाव असता, तर तो साउइनच्याच देशात दिसावयास हवा होता. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जन्मलेले विद्वान आल्कुइन यांनी साल्झबुर्गच्या धर्माध्यक्षांना एक नोव्हेंबर पाळण्याचा आग्रह केला, आणि ८३५ साली सम्राट लुई यांच्या काळात तो फ्रँक राज्यात रूढ झाला. दुसऱ्या दिवशीचे मृत भाविकांचे स्मरण क्लूनी मठाचे प्रमुख संत ओदिलो यांनी इ.स. ९९८ च्या सुमारास आपल्या मठांत सुरू केले. तारखेमागे कारण सरळ आहे, आदल्या दिवशी स्वर्गातील संत, दुसऱ्या दिवशी शुद्धीस्थानातील आत्मे. पुढे पहिल्या महायुद्धातील संहार पाहून पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९१५ साली सर्व धर्मगुरूंना त्या दिवशी तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली.

म्हणजे ख्रिस्तसभेने जुन्या रीती कधी घेतल्याच नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. घेतल्या, पण पारखून. संत मोनिका मिलान शहरात हुतात्म्यांच्या थडग्यांवर आफ्रिकेतील आपल्या सवयीप्रमाणे पेज, भाकर व द्राक्षारस घेऊन गेल्या, तेव्हा द्वारपालाने त्यांना अडविले. बिशप संत अँब्रोज यांची मनाई होती, कारण ती रीत रोमन पितरांच्या फेब्रुवारीतील सणासारखी होती व तेथे मद्यपानही होत असे. मोनिकांनी वाद घातला नाही. टोपलीतले अन्न त्या गरिबांना देऊ लागल्या. इ.स. ३८७ मध्ये ओस्टिया येथे मरताना त्यांनी मुलांना सांगितले की, देह कोठेही पुरा, पण प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण ठेवा. हे सारे त्यांचे पुत्र संत ऑगस्टीन यांनीच लिहून ठेवले आहे.

आजींना आम्ही मोनिकांची ही गोष्ट सांगितली. मेणबत्ती लावाच, तिचा अर्थ पुनरुत्थित ख्रिस्ताचा प्रकाश असा आहे, असेही म्हणालो. तेव्हा त्या जरा घुटमळल्या. मेणबत्तीसोबत पतीसाठी पानाचा विडाही ठेवत असत, हे त्यांनी आम्हांस आजवर सांगितले नव्हते.

"विडा थडग्यावर नको, आजी. मोनिकांप्रमाणे कोणा गरिबाला द्या."

"देईन, फादर. पण विडा खाणारा माणूस आता गावात शोधायचा कुठे?"