पहिल्या घासाआधी

घोणशीची वीण मी पहिल्यांदा पाहिली ती एका सर्पमित्राच्या अंगणात. पातळ, ओलसर पापुद्र्यात गुंडाळलेली पिल्लं एकेक करून बाहेर येत होती. पापुद्रा फाटला की लगेच फूत्कार. दात आणि विष जन्मतःच तयार. तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. ज्या तोंडाने अजून उंदीर पाहिलाही नाही, त्यात जिवाणू असतील का? असले तर कुठले?

सापाच्या तोंडातल्या जिवाणूंचं प्रचलित स्पष्टीकरण भक्ष्याकडे बोट दाखवतं. गिळला जाताना उंदीर विष्ठा टाकतो आणि त्याच्या आतड्यातले जिवाणू सापाच्या तोंडात वस्ती करतात. पिल्लं सहसा पहिली कात टाकल्यावरच खायला लागतात. म्हणजे तोवर तोंड कोरं असायला हवं. पण घोणशीचं पिल्लू आईच्या अवस्करातून बाहेर येतं, आणि तिच्या विष्ठेची वाटही तीच. आईचं काहीतरी अंगाला लागल्याशिवाय ते जगात येईल, हे मला पटत नाही.

याच प्रश्नापायी जुने कागद चाळताना मी अडकलो तो जॉर्ज ब्रिटन हॅलफर्ड या नावापाशी. मेलबर्न विद्यापीठातले वैद्यकाचे प्राध्यापक. 1867 साली त्यांनी मांडलं की नाग चावला की रक्तात सजीव बीज शिरतं, त्याच्या पेशी होतात आणि त्या झपाट्याने वाढतात. लिस्टरचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरचे लेख त्याच वर्षीचे! उपाय म्हणून हॅलफर्ड शिरेतून अमोनिया टोचत. कलकत्त्यात जोसेफ फेरर यांनी प्राण्यांवर तो करून पाहिला. गुण आला नाही. वाद इतका पेटला की भारतीय आणि ऑस्ट्रेलियन सर्पविषांवर अमोनिया तपासायला आयोग नेमावा लागला. 1874 साली कलकत्त्याहून निघालेल्या त्याच्या अहवालाने अमोनियाचा निकाल लावला. फेरर बरोबर होते, यात शंका नाही. विष हे रसायन आहे, बीज नव्हे. पण दंशातून काही सजीव आत शिरतं का, हा हॅलफर्ड यांचा प्रश्नही त्यांच्याबरोबर पुरला गेला, याचं मला वाईट वाटतं.

पुढे उलटंच गृहीत धरलं गेलं: विष निर्जंतुक असतं. त्याला आधारही होता. घोणशीच्या विषाला पिवळा रंग देणारं एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं आणि जिवाणू मारतं. मात्र 2022 मध्ये इंग्लंडच्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने सापांच्या आणि कोळ्यांच्या विषात जिवाणूंचा माग काढला. आफ्रिकेतल्या काळ्या मानेच्या, विष थुंकणाऱ्या नागाच्या विषात त्यांना एन्टेरोकॉकस फीकॅलिस मिळाला, तोही विषात तग धरणारा. हा आतड्यात राहणारा जिवाणू, माणसाच्याही.

यावरून दंश झालेल्या प्रत्येकाला अँटिबायोटिक द्यावं असं ठरत नाही. जखमेत संसर्ग किंवा कुजणं दिसलं, तरच ते लागतं. जखमेवर ब्लेड चालवणं, तोंडाने रक्त ओढणं हे मात्र जिवाणूंना घरात बोलावणंच आहे. पिल्लाच्या दंशालाही औषध एकच, प्रतिविष, आणि तेही रुग्णालयात.

महाराष्ट्रात घोणशी आणि फुरशी दर पावसाळ्याच्या तोंडाला सर्पमित्रांकडे वितात. त्यांना माझी विनंती आहे: वनखात्याची परवानगी घ्या, जवळच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला कळवा आणि पिल्लांनी पहिला घास घेण्याआधी त्यांच्या तोंडाचे व कातडीचे नमुने जाणकारांकडून घेववा. आईचेही त्याच दिवशी.