फाशीचा दोर आणि कलम २१

फाशीची शिक्षा द्यावी की नाही, हा एक वाद. ती कशी द्यावी, हा दुसरा, आणि तो तितकाच अस्वस्थ करणारा.

१९८३ साली ‘दीना’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गळफासाची पद्धत घटनासंमत ठरवली; जगण्याचा हक्क देणाऱ्या कलम २१चा तिने भंग होत नाही, असे म्हटले. निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी. या निकालातला एक मुद्दा मात्र फार मोलाचा आहे: पद्धत क्रूर नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, कैद्याची नव्हे. त्याआधी १९८२ मध्ये न्या. भगवती यांनी ‘बच्चनसिंग’ खटल्यातल्या आपल्या भिन्न मतात गळफासातल्या यातनांचे तपशीलवार वर्णन केले होते. मानेचे मणके निखळले तर मृत्यू लवकर येतो. दोराच्या लांबीचा अंदाज चुकला तर माणूस गुदमरून मरतो. २०१४ मध्ये न्यायालयाने फाशीनंतर शवविच्छेदन सक्तीचे केले, ते याच शंकेपोटी. प्रत्यक्षात काय घडते, हे त्याशिवाय कळणार कसे?

विधी आयोगाने २००३ मध्ये प्राणघातक इंजेक्शनचा पर्याय सुचवला होता. लष्करी कायद्यात तर गोळी घालण्याचा पर्याय आधीपासून आहे. तरीही २०२३च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत मृत्यू येईपर्यंत गळफास हीच तरतूद कायम राहिली. त्याच वर्षी मार्चमध्ये, वेदनेविषयीची शास्त्रीय माहिती केंद्राकडे मागणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव.