क्लॅनॅड : एका कुटुंबाचे गाणे आणि त्याची भाषा

लोकप्रिय संगीतात कौटुंबिक वृंदांची उदाहरणे पुष्कळ आढळतात; परंतु आयर्लंडमधील ‘क्लॅनॅड’ या वृंदाचा प्रारंभकाळ भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. डोनेगल परगण्यातील ग्वीडोर हा आयरिशभाषी प्रदेश. तेथील ब्रेनन कुटुंबातील कीरन, पोल व मोया ही भावंडे आणि त्यांचे जुळे मामा नोएल व पाड्रिग डुग्गन यांनी १९७० मध्ये हा वृंद उभारला. आपल्याकडे ‘घराणे’ हा शब्द संगीताच्या संदर्भात गुरुशिष्यपरंपरेस लावतात. येथे तो शब्दशः घ्यावयाचा.

त्यांचे मूळ नाव ‘क्लान अस डोर’, म्हणजे ‘डोर येथील कुटुंब’. त्याचाच संक्षेप ‘क्लॅनॅड’. यांतील ‘क्लान’ हा शब्द लॅटिन ‘प्लान्ता’ (रोप) यावरून आलेला आहे. प्राचीन आयरिशमध्ये ‘प’ हा ध्वनी नसल्याने आरंभीच्या उसन्या शब्दांत त्याची जागा ‘क’ने घेतली, ईस्टरवाचक ‘पास्का’चेही असेच ‘काश्क’ झाले. रोपावरून संततीकडे झालेले हे अर्थांतर आपणांस परके वाटू नये. संस्कृत ‘वंश’ म्हणजेही वेळू.

वडील लिओ ब्रेनन यांनी १९६८ मध्ये काढलेल्या मद्यगृहात ही मुले प्रथम गाऊ लागली, आणि तीही बीटल्ससारख्यांची तत्कालीन इंग्रजी गाणी. पुढे परिसरातील वृद्धांकडून त्यांनी आयरिश गीते मिळविली. ही परंपरा एकट्या गळ्याची, साथीवाचून गाण्याची. तिला या मंडळींनी हार्प, गिटार, डबल बास व अनेक स्वरांचा मेळ यांची जोड दिली. लेटरकेनीच्या लोकसंगीत-महोत्सवातील विजयानंतर १९७३ मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तथापि आयरिशमध्ये गाऊन यश मिळावयाचे नाही, असेच त्यांना सांगितले जाई. १९७५ च्या जर्मनीतील दौऱ्याने मात्र निराळा अनुभव दिला: भाषा न समजणारे श्रोतेच अधिक उत्सुक होते. (धाकटी बहीण एन्या १९८० मध्ये वृंदात आली व १९८२ मध्ये बाहेर पडली, तिची कीर्ती हा स्वतंत्र विषय होय.)

१९८२ मध्ये बेलफास्टमधील संघर्षावर आधारलेल्या ‘हॅरीज गेम’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी त्यांनी शीर्षकगीत रचले. ते ब्रिटनच्या विक्रीक्रमात पाचव्या स्थानी पोहोचले. आयरिश भाषेतील गीतास असे यश तेथे पूर्वी लाभले नव्हते. त्याच्या कडव्यांस नश्वरतेविषयीच्या एका जुन्या म्हणीचा आधार आहे. ध्रुवपद मात्र लोकगीतांत येतात तशा निरर्थक अक्षरांचे. बहुसंख्य इंग्रज श्रोत्यांस दोहोंतील भेद कळण्याजोगा नव्हता. मग हे यश भाषेचे की तिच्या नादाचे? माझ्या मते नादाचे. परंतु तेही क्षुल्लक नव्हे. बाजारात जी भाषा अडचण मानली गेली, तिचा निव्वळ ध्वनी लक्षावधी घरांत पोहोचला. अर्थाचा प्रश्न तेवढा शिल्लक राहिला. वृंदाच्या १९८५ च्या ‘मकाला’ या संग्रहाचे नाव आयरिश आहे व त्याचा अर्थ ‘प्रतिध्वनी’. आतील गीते बहुतांशी इंग्रजी आहेत.