जुन्या मच्छीमारी नौकांसाठी बॅटरी व चार्जर यांची निवड

गोव्याच्या किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारीस बंदी असते. या काळात मालीम, कुटबण, शापोरा, खारीवाडा आदी ठिकाणी नौकांच्या दुरुस्तीची कामे हाती घेतली जातात. इंजिन उघडले जाते, लाकडी सांध्यांची गळती थांबविली जाते, तळास रंग दिला जातो. बॅटरीची आठवण मात्र बहुधा हंगामाच्या आदल्या दिवशी, ‘सेल्फ’ फिरेनासा झाला म्हणजे होते. मग बाजारात जी मिळेल ती बॅटरी घाईने आणून बसविली जाते आणि वर्षभराच्या आतच तिच्याबद्दल तक्रारी सुरू होतात.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेल्या ट्रॉलरवर विजेची गरज माफक होती. इंजिन सुरू करणे, मार्गदर्शक दिवे आणि केबिनमधील एखादा बल्ब एवढ्यावर काम भागत असे. आज त्याच नौकेवर व्ही.एच.एफ. रेडिओ, जी.पी.एस. व मासे शोधणारे यंत्र असते. मासेमारी नौकांवर उपग्रहाद्वारे संपर्क साधणारे एक लाख ट्रान्सपाँडर बसविण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभही ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. बॅटरी उतरली म्हणजे इंजिन पुन्हा सुरू होत नाही. त्याच क्षणी रेडिओही मुका होतो आणि रात्रीच्या वेळी नांगरलेल्या नौकेचा दिवा विझतो. मदत मागण्याचे साधन आणि मदतीची गरज निर्माण करणारे कारण अशा रीतीने एकाच पेटीत साठविलेले असते. म्हणूनच इंजिनासाठी एक व इतर उपकरणांसाठी दुसरी अशा दोन स्वतंत्र बॅटऱ्या असाव्यात, ही या विषयातील पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय.

या दोन बॅटऱ्या एकाच जातीच्या असणे इष्ट नाही. इंजिन सुरू करण्यासाठी काही सेकंद शेकडो अँपिअर प्रवाह लागतो. त्याकरिता वाहनांच्या बॅटरीत पातळ प्लेटी अधिक संख्येने बसविलेल्या असतात. अशी बॅटरी रात्रभर दिवे लावून वारंवार खाली उतरविली, तर तिच्या प्लेटींवरील द्रव्य झडू लागते आणि काही महिन्यांतच ती निकामी होते. दिवे व उपकरणे यांसाठी जाड प्लेटींची, सावकाश पण खोलवर प्रवाह देणारी बॅटरी लागते. घरगुती इन्व्हर्टरसाठी सर्वत्र मिळणारी ट्यूब्युलर बॅटरी ही गरज चांगली भागवू शकते. मात्र ती उंच असते, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीचे वजन ५० किलोपेक्षा अधिक भरते, आणि नौका डोलू लागली की आम्ल सांडण्याचा संभव असतो. जागा उथळ असेल किंवा बॅटरी घट्ट आवळून बांधता येत नसेल, तर ए.जी.एम. प्रकारची बंदिस्त बॅटरी घेणे बरे. तिच्यात आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते. तिची किंमत अधिक असून तिला जादा चार्जिंग मुळीच सोसत नाही, कारण उडालेले पाणी पुन्हा भरण्याची सोय तिच्यात नसते.

बॅटरी किती मोठी घ्यावी, हे दुकानदारास विचारण्यापूर्वी कागदावर मांडून पाहावे. १२ व्होल्टची व्यवस्था असलेली एक नौका रात्री १० तास इंजिन बंद ठेवून नांगरलेली आहे असे समजू. नांगराचा २५ वॅटचा दिवा सुमारे २ अँपिअर घेतो, म्हणजे रात्रीत २० अँपिअर-तास. रेडिओ केवळ ऐकण्यासाठी चालू ठेवला तरी अर्ध्या अँपिअरच्या हिशेबाने ५, आणि अधूनमधून बोलण्यासाठी आणखी २. जी.पी.एस. व मासे शोधणारे यंत्र मिळून १ अँपिअर धरल्यास १०. केबिनमधील २० वॅटचे दोन बल्ब ४ तास जळाले तर सुमारे १३. ही बेरीज ५० अँपिअर-तास होते. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये, असा संकेत आहे. त्यामुळे १०० अँपिअर-तास, आणि बॅटरी जुनी होत जाईल तशी घटणारी क्षमता लक्षात घेता सुमारे १३० अँपिअर-तासांची बॅटरी लागेल.

हाच हिशेब एल.ई.डी. दिवे धरून केला तर गंमत दिसते. नांगराचा दिवा ३ वॅटवर आणि केबिनचे दिवे प्रत्येकी ५ वॅटवर आले की रात्रीची एकूण गरज सुमारे २३ अँपिअर-तासांवर येते, म्हणजे निम्म्याहूनही कमी. नवी मोठी बॅटरी विकत घेण्याआधी दिवे बदलणे हा अधिक शहाणपणाचा खर्च होय. (मासळी आकर्षित करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रखर एल.ई.डी. दिव्यांशी याचा संबंध नाही. त्या पद्धतीच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली आहे.) मार्गदर्शक दिव्यांच्या बाबतीत नुसता बल्ब न बदलता संपूर्ण मान्यताप्राप्त दिवा घ्यावा. लाल व हिरव्या काचेमागे भलताच बल्ब बसविल्यास रंग व टप्पा दोन्ही बिघडतात, आणि १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १२ मीटर वा त्याहून लांब नौकेचे बाजूचे दिवे किमान २ सागरी मैलांवरून दिसले पाहिजेत.

आता चार्जिंगविषयी. जुन्या नौकांवरील बॅटऱ्या वापराने जितक्या मरतात, त्याहून अधिक अपुऱ्या चार्जिंगने मरतात, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरण्यासाठी तिच्या टोकांवर सुमारे १४.४ व्होल्ट मिळावे लागतात. इंजिनावरील अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देत असला आणि दोन बॅटऱ्यांना वेगळे ठेवण्यासाठी मध्ये जुन्या पद्धतीचा डायोड बसविलेला असला, तर तेथेच ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. बॅटरीपर्यंत १३.५ व्होल्ट पोहोचतात. एवढ्या दाबावर बॅटरी कित्येक तासांतही पूर्ण भरत नाही. गंजलेल्या जोडण्या व बारीक तारा असल्यास तेवढेही मिळत नाहीत. अर्धवट भरलेल्या प्लेटींवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि बॅटरीची क्षमता कायमची जाते. मालक बॅटरीला दोष देतो, नवी आणतो, तिचेही तेच होते. डायोडऐवजी व्होल्टेजवर चालणारा रिले बसविला आणि तारा कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या, पुरेशा जाड घेतल्या, तर हा दोष बव्हंशी दूर होतो.

धक्क्यावरील विजेवर चालणारा चार्जर निवडताना त्याची क्षमता बॅटरीच्या अँपिअर-तासांच्या एक-दशांश ते एक-पंचमांश असावी. वरील १३० अँपिअर-तासांच्या बॅटरीस १५ ते २० अँपिअरचा चार्जर योग्य ठरेल. मात्र शेवटचा पाचवा हिस्सा सावकाशच भरतो. त्यामुळे ५० अँपिअर-तास परत भरण्यास कागदावर चार तास दिसले, तरी प्रत्यक्षात रात्र द्यावी लागते. गॅरेजमधील साधा चार्जर रात्रभर जोडून ठेवणे धोक्याचे आहे. त्याचा दाब १५ व्होल्टच्या वर चढत जातो, पाणी उकळते आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो. बंद जागेतील हवेत हा वायू ४ टक्के झाला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. आधुनिक चार्जर तीन टप्प्यांत काम करतो: प्रथम पूर्ण प्रवाह, नंतर १४.४ व्होल्टवर स्थिर दाब, आणि बॅटरी भरली की सुमारे १३.५ व्होल्टवर राखण. बॅटरीचा प्रकार निवडण्याची कळ आणि तापमान पाहून दाब कमी करण्याची सोय त्यात असावी. कोकणातील इंजिनघर ४० अंशांच्या वर तापते आणि थंड देशांसाठी ठरविलेला दाब तेथे जास्त होतो. खरे तर बॅटरी इंजिनघरात ठेवूच नये. तापमान १० अंशांनी वाढले की तिचे आयुष्य सुमारे निम्मे होते.

चार्जरचा २३० व्होल्टचा भाग व १२ व्होल्टचा भाग एकमेकांपासून ट्रान्सफॉर्मरने पूर्णतः विलग असले पाहिजेत. अन्यथा माणसास धक्का बसण्याचा धोका आहेच, शिवाय पाण्यातून वाहणाऱ्या भरकट्या प्रवाहामुळे पंखा, दांडा आणि तळाचे खिळे-बोल्ट काही आठवड्यांत खाल्ले जातात. प्रत्येक बॅटरीच्या धन टोकाजवळच, वीतभर अंतरात, फ्यूज असावा. बॅटरीची पेटी तळातील पाण्यापासून उंचावर असावी. आम्लात समुद्राचे पाणी मिसळल्यास क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होतो.

लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीबद्दल अलीकडे बरीच विचारणा होते. ती हलकी असते, तिच्या क्षमतेचा सुमारे ८० टक्के भाग निर्धास्तपणे वापरता येतो आणि ती दीर्घायुषी आहे. पण ती मिळेल तेवढा प्रवाह ओढून घेते, त्यामुळे जुना अल्टरनेटर अतितापून जळू शकतो. तसेच आतील संरक्षक यंत्रणेने चालू चार्जिंगमध्ये बॅटरी अचानक तोडल्यास अल्टरनेटरचे डायोड उडतात. तारा, अल्टरनेटर, रिले आणि चार्जर बदलण्याची तयारी नसेल, तर जुन्या नौकेने या वाटेस जाऊ नये.

बंदीच्या काळात बॅटऱ्या किनाऱ्यावर आणून पूर्ण भराव्यात आणि निदान महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज कराव्यात. काही तास विसावलेल्या बॅटरीचा दाब १२.६ ते १२.७ व्होल्ट असल्यास ती भरलेली, १२.२ असल्यास निम्मी व १२ च्या खाली असल्यास जवळजवळ रिकामी समजावी. पाण्याच्या बॅटरीत केवळ डिस्टिल्ड पाणी घालावे. विहिरीचे पाणी कितीही गोडे असले तरी चालत नाही. निकामी बॅटरी भंगारवाल्याच्या हवाली न करता २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार विक्रेत्याकडे अथवा नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे परत द्यावी. नवी बॅटरी घेताना जुनीची किंमत बहुधा वजा करून मिळते.