पॉवर स्टिअरिंगचा गळका होज

आपल्या सभासदांच्या गाड्या मुरबाड-शहापूरच्या रस्त्यांवर बारमाही धावतात. कोणी माळशेज घाट उतरून मुरबाडवरून कल्याणच्या बाजार समितीत माल नेतो, कोणी पौषात म्हसा येथील यात्रेत बैल पाहायला जातो, कोणाचे पाहुणे किन्हवली-शहापूरकडे. घाटाच्या वळणांवर जड जीप एका हाताने वळते ती बॉनेटखालच्या रबरी होजमुळे. हा होज गळू लागला की पुष्कळ जण तेलाचा डबा गाडीत ठेवतात आणि ‘गळतंय तर घाला थोडं’ म्हणून वर्ष काढतात. हे बरे नव्हे.

इंजिनाच्या पट्ट्यावर एक लहान पंप फिरतो. तो टाकीतले तेल दाबून स्टिअरिंगच्या गिअरकडे पाठवतो. चाके वळवण्याचा बराचसा जोर हे तेलच लावते. टायरात हवा असते तीस-बत्तीस पौंड. पंपाकडून निघणाऱ्या होजमध्ये मात्र स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवले की दाब हजार पौंडांवर जातो. म्हणून त्याच्या रबरात जाळे विणलेले असते. तेल टाकीत परत आणणाऱ्या नळीत दाब अगदी थोडा. इंजिनाची धग, घासणे आणि वय यांनी रबर कडक होऊन तडकते. पहिला पाझर बहुधा धातूच्या टोकापाशी फुटतो.

मोटारीत होज फुटला तरी स्टिअरिंगचा दांडा चाकांशी जोडलेलाच असतो. गाडी वळते, पण अंगातला सगळा जोर लावावा लागतो. ट्रॅक्टरचे तसे नाही. पॉवर स्टिअरिंगच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत स्टिअरिंग आणि चाके यांच्यामध्ये फक्त तेल असते. तेथे होज फुटला तर स्टिअरिंग नुसते फिरत राहील, चाके वळणार नाहीत. मागे उसाची भरलेली ट्रॉली असताना काय होईल ते सांगायला नको. शिवाय गळणारे तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाईपावर पडले तर पेट घेऊ शकते.

गळती शोधताना चालू इंजिनात होजवरून बोट फिरवू नये. बारीक छिद्रातली चिळकांडी कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येते. तसे झाल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा. पुठ्ठा धरून पाहावे.

होज बदलताना इंजिन थंड होऊ द्यावे. मागच्या चाकांना दगड लावून पुढची चाके उचलावीत आणि गाडी स्टँडवर टेकवावी, नुसत्या जॅकवर मुळीच नको. टाकीतले तेल उपसून खाली घमेले ठेवावे. होज कुठून कसा गेला आहे, कुठे क्लिपा आहेत, हे सोडण्याआधी नीट बघून घ्यावे. दोन पाने लावून जोड सोडावा, नाहीतर लोखंडी नळी पिळते. उघडी तोंडे स्वच्छ फडक्याने झाकावीत, कारण थोडीशी मातीसुद्धा पंप खाते. वॉशर किंवा ओ-रिंग नवीनच घालावी. दोन पैशांच्या वॉशरसाठी पुन्हा सगळे उघडणारे पुष्कळ आहेत! नवा होज जुन्याच मार्गाने, पीळ न पडता आणि सायलेन्सरपासून दूर बसवावा. आटे आधी हाताने लागले पाहिजेत.

सायकलची ट्यूब गुंडाळणे, पाण्याचा पाईप क्लिपांनी आवळणे हे प्रकार दाबाच्या होजला चालत नाहीत. तयार होज मिळाला नाही तर हायड्रॉलिक होज बनवणाऱ्याकडून जुन्या मापाचा करून घ्यावा, पण किती दाबाचा आणि कोणत्या तेलाचा ते विचारूनच. ब्रेक ऑइल या टाकीत कधीही घालू नये, आतली रबरी सिले बिघडतात. कोणते तेल हवे ते गाडीच्या पुस्तकात असते.

तेल भरल्यावर इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवावे, म्हणजे आतली हवा निघते. मधूनमधून टाकी बघावी. मग इंजिन मंद चालू करून पुन्हा सावकाश फिरवावे, टोकाला दाबून धरू नये. तेलाला फेस आला किंवा पंप कण्हू लागला तर हवा शिल्लक आहे. थोडा वेळ थांबून पुन्हा तेच करावे.

अलीकडच्या बहुतेक लहान मोटारींचे स्टिअरिंग विजेवर चालते, त्यांत ना तेल ना होज. त्यांच्या मालकांनी हा अंक शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला द्यावा. इतरांनी काम झाल्यावर रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा ठेवावा आणि सकाळी निघण्यापूर्वी त्यावर डाग पडला आहे का ते पाहावे.