उजेडाच्या पाठीवर बसलो तर काय दिसेल?



आमच्या वर्गाची सहल लोणारला गेली होती. विवराच्या काठावर उभे राहून गुरुजींनी विचारले, "या काठावरून त्या काठावर बॅटरीचा उजेड जायला किती वेळ लागेल?" विवराची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यातले फक्त सहा भाग!

मी पटकन विचारलं, "गुरुजी, मी त्या उजेडाच्या पाठीवर बसलो तर मला काय दिसेल?" सगळा वर्ग हसला. माझे कानच तापले. पण गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "असाच प्रश्न आइन्स्टाइनला सोळाव्या वर्षी पडला होता. तू शोध आणि भित्तिपत्रकात लिही." म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट अशी की, उजेडाच्या पाठीवर बसता येत नाही. ज्या वस्तूला वस्तुमान आहे, तिचा वेग वाढवत नेला तर पुढेपुढे जोर जास्तच लावावा लागतो. प्रकाशाच्या वेगाजवळ तर कितीही जोर लावला तरी तो कमीच पडतो. आइन्स्टाइनने हे १९०५ साली दाखवून दिले. म्हणून बरोबर प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्याला काय दिसेल, या प्रश्नाला उत्तरच नाही. पण त्याच्या अगदी जवळ जाता येते. समजा, आपले यान प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगाने चालले आहे. मग काय दिसेल?

तुम्ही पावसात सायकल चालवली असेलच. पाऊस सरळ खाली पडत असतो, पण आपण जोरात निघालो की तो समोरून तोंडावर मारतो. ताऱ्यांच्या उजेडाचेही तसेच होते. यान स्थिर असताना जे तारे बाजूला दिसत, ते आता पुढे सरकलेले दिसतात. या वेगाला समोरचे अर्धे आकाश एवढ्याशा जागेत गोळा होते. हात लांब करून मूठ धरा. साधारण त्या मुठीएवढ्या गोलात! कितीतरी तारे एका मुठीत.

दुसरी गंमत रंगांची. शेगावच्या स्टेशनवर उभे राहून गाडीचा भोंगा ऐका. गाडी येताना आवाज बारीक नि तीक्ष्ण असतो, ती पुढे निघून गेली की तोच आवाज जाडा होतो. प्रकाशाच्या बाबतीत आवाजाऐवजी रंग बदलतो. समोरचे तारे निळसर-पांढरे आणि डोळे दिपवणारे दिसतील. आणि मागे वळून पाहिले तर? आपला सूर्य पृष्ठभागावर सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापलेला आहे. पण त्याच्यापासून या वेगाने दूर जाताना त्याची किरणे इतकी मंदावतील की, ती सावलीत पडलेल्या गार दगडातून निघावीत तशी होतील. डोळ्यांना सूर्य दिसणारच नाही. मागे काळोख, पुढे लखलखाट!

आता सगळ्यात नवलाची गोष्ट. अशा यानातले घड्याळ हळू चालते. नुसते घड्याळच नव्हे, नाडीचे ठोकेसुद्धा. पण यानात बसलेल्याला ते कळत नाही, कारण त्याचे सगळेच सारखे हळू होते. ९९.५ टक्के वेगाला यानातल्या एका महिन्यात पृथ्वीवर दहा महिने होतात.

तुम्ही म्हणाल, ही तर गोष्टीतली गंमत. नाही! आपल्या डोक्यावर हवेत सुमारे १५ किलोमीटर उंचीवर म्युऑन नावाचे अतिसूक्ष्म कण सारखे तयार होत असतात आणि जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने खाली येतात. त्यांचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी २.२ भाग. एवढ्या वेळात प्रकाशही फक्त ६६० मीटर जातो. म्हणजे लोणारच्या एका काठावरून निघाला तर मध्यापर्यंतही पोचणार नाही. मग हे कण १५ किलोमीटर खाली येतात तरी कसे? तर त्यांचे घड्याळ हळू चालते, म्हणून. तळहात आडवा धरा. दर सेकंदाला सरासरी असा एखादा कण त्यातून जातो. आत्ता वाचतानाही!

आणि अभिमानाची गोष्ट ऐका. असा अल्पायुषी कण म्हणजे एक घड्याळच आहे आणि वेगात असताना तो जास्त काळ टिकला पाहिजे, हे १९३८ साली 'नेचर' या साप्ताहिकात मांडणारे शास्त्रज्ञ होते मुंबईत जन्मलेले डॉ. होमी भाभा. पुढे १९४१ साली अमेरिकेत रॉसी आणि हॉल यांनी डोंगरावर आणि खाली कण मोजून ते खरे असल्याचे दाखवले.

हे सगळे मी घरी वाचून दाखवले. सूर्य सोडला तर सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. ९९.५ टक्के वेगाने तिथे जाऊन लगेच परत आलो तर मला दहा महिने लागतील, आणि इकडे साडेआठ वर्षे झालेली असतील. मी तेरा वर्षांचा, माझे वर्गमित्र विशीतले!

आजी म्हणाली, "काहून जातं रे बाप्पा एवढ्या दूर? मी राहीन का तवरोक?" मला काहीच बोलता आले नाही.

माझे बाबा दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पाच महिन्यांनी आले तेव्हा धाकटी बहीण त्यांना पाहून रडली, आईच्या मागे लपली. बाबा म्हणाले, "तुह्या त्या प्रवाशाले बी असंच होईन." मी म्हणालो, "नाही बाबा, फरक आहे. तुमचे पाच महिने नि आमचे पाच महिने सारखेच. तुम्हीही तेवढेच दिवस मोजले." बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे मातर खरं हाय," आणि त्यांनी लेख पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावला.

मित्रांनो, यान मिळाले तर मी जाईन, पण आधी घरी विचारून! या लेखात काही शंका असेल तर मधल्या सुट्टीत मला विचारा. मला आले नाही तर दोघे मिळून गुरुजींना विचारू. हसणाऱ्यांनीसुद्धा यावे.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी