आवाज कुठे अडतो?

घरचा संगणक, बेताच्या पैशांत : भाग ५

जळगावच्या गोलाणी मार्केटात नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडवर संगणकाच्या दुकानापाशी थोडा वेळ उभं राहिलं की एक तक्रार हमखास कानी पडते : "भो, कालच स्पीकर नेला, आवाजच येत नाही." दुकानदार पिशवीतून स्पीकर काढतो, आपल्या मशीनला लावतो आणि तो खणखणीत वाजतो. गिऱ्हाईक ओशाळतं.

अडलेलं असतं घरी. गेल्या आठवड्यात आपण जुन्या संगणकाला एचडीएमआय केबलने मॉनिटर जोडला. ही केबल चित्रासोबत आवाजही नेते. ती लागली की विंडोज कित्येकदा परस्पर आवाज मॉनिटरकडे वळवतं आणि मॉनिटरला स्पीकर नसला तर तो तिथेच जिरतो. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर उजवं क्लिक करायचं, साउंड सेटिंग्ज उघडायच्या आणि 'आउटपुट'मध्ये मॉनिटरचं नाव सोडून 'स्पीकर्स' निवडायचं. खर्च शून्य.

तरी आवाज नसेल, तर कॅबिनेटच्या मागे डोकवावं. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलच्या 'पीसी ९९' नियमावलीने रंग ठरवून दिले : हिरव्या पोर्टातून आवाज बाहेर जातो, गुलाबीत माइक लागतो, निळ्यातून बाहेरचा आवाज आत येतो. टेबलाखाली वाकून, अंधारात, चाचपडत पिन लावणारा माणूस ती निळ्यात खुपसतो, यात त्याची चूक फारशी नाही.

पिनेचंही एक गणित आहे. पूर्वीची जाड पिन टेलिफोन एक्स्चेंजमधून आली. तिची धाकटी बहीण ३.५ मिलिमीटरची, १९७९ च्या वॉकमननंतर ती घरोघर पोचली. ही पिन उजेडात धरून तिच्यावरच्या काळ्या पट्ट्या मोजाव्यात. दोन पट्ट्या म्हणजे डावा-उजवा आवाज फक्त. तीन असतील तर माइकसुद्धा. धुळ्यात देवपुरातल्या खोलीवर राहून ऑनलाइन शिकवणी करणारा विद्यार्थी मोबाइलचा तीन पट्ट्यांचा इअरफोन हिरव्या पोर्टात लावतो. त्याला सरांचं बोलणं ऐकू येतं, सरांना त्याचं येत नाही. त्याला हवा असतो स्प्लिटर. पण स्प्लिटर दोन जातींचे असतात. एकाला एक पिन आणि दोन भोकं, तो दोघांनी मिळून गाणी ऐकायचा. दुसऱ्याला एक भोक आणि दोन पिना, एक हिरव्यासाठी, एक गुलाबीसाठी. विद्यार्थ्याच्या कामाचा हा दुसरा. नुसतं 'स्प्लिटर द्या' म्हटलं की बऱ्याचदा पहिला हाती पडतो.

आता खोक्यावरच्या वॉटविषयी. यूएसबीवर चालणाऱ्या, मुठीएवढ्या स्पीकरच्या खोक्यावर 'पीएमपीओ' असं लिहून शेकडो वॉटचा आकडा छापलेला असतो. यूएसबी २.० चं पोर्ट देतं ५ व्होल्ट आणि फार तर ५०० मिलिअँपिअर. गुणाकार केला की २.५ वॉट, तेही दोन्ही स्पीकर मिळून. विहिरीतच पाणी नाही, तर मोट कितीही मोठी लावा. पीएमपीओ मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही. पाहायचा तो आरएमएसचा आकडा, आणि तो छापलेला नसेल तर समजून घ्यायचं. अभ्यासाच्या खोलीला मात्र हे अडीच वॉट पुरतात.

माळ्यावर जुन्या म्युझिक सिस्टिमचे लाकडी डबे पडले असतील तर ते फेकू नयेत. थेट संगणकाला लावले तर डास गुणगुणल्यासारखा आवाज येईल, कारण त्यांना वाजवायला अँप्लिफायर लागतो. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे '४४४०चा बोर्ड' मागावा. सान्यो या जपानी कंपनीच्या एलए ४४४० या आयसीवरून पडलेलं हे नाव. ही आयसी सहा-सहा वॉटचे दोन चॅनेल देते, आणि हे वॉट खरे असतात.

खानदेशात एक दुखणं खास उन्हाळ्याचं. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, काळी जमीन भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल उडून जाते. कोरड्या मातीतून वीज सहज उतरत नाही. अशा घरात अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. टेस्टर टेकवला तर मंद पेटतो. संगणकाच्या एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रलकडून अर्थकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, गोंगाट गाळण्यासाठी. अर्थचा रस्ता तुटला की त्यांच्यामुळे पत्रा २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो. प्रवाह किरकोळ, पण स्पीकरमधून ५० हर्ट्‌झची अखंड 'घूंऽऽ' उठवायला तेवढा पुरतो. लोक स्पीकर बदलतात, महाग वायर आणतात, घूं तशीच. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पाहावा, घूं थांबली तर चोर सापडला.

उपाय वायरमनचा. तो फेज आणि अर्थच्या मध्ये टेस्ट लॅम्प धरून बघतो. बल्ब मिणमिणला की खड्ड्यात पाणी सोडायची वेळ झाली. संगणक आणि स्पीकर एकाच बोर्डावर घ्यावेत. प्लगची जाड पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटात खुपसण्याची युक्ती मात्र कुणी सांगितली तरी करू नये. शिवाय हीच अर्थिंग कूलरच्या पत्र्यालाही लागते, तेव्हा तिचा खर्च एकट्या स्पीकरच्या खात्यावर मांडायचं कारण नाही.

ब्लूटूथ? गाण्यांसाठी ठीक. माइक चालू केला की बहुतेक हेडफोन टेलिफोनसारखे वाजू लागतात, म्हणून ऑनलाइन वर्गाला वायर बरी.

बाजारात जाण्याआधी कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा आणि आपल्या पिनेचा फोटो मोबाइलमध्ये काढून न्या. काउंटरवर तोच दाखवा.